सात घरं फिरलेली डिस्क

पेर्सी खाटीक कोकराच्या बरगड्या तोडत होता. मान वर न करता तो म्हणाला, "तुझ्या वडिलांना मी दोन दिवस डीप फ्रीझमध्ये ठेवलं होतं, तेग्वेन. पण काही गुण आला नाही बघ."

माझ्या वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

"कोणाला ठेवलंस?"

"अगं, म्हणजे त्यांच्या आवाजाला. मायरिग शाळाच्या लॅपटॉपला. टिकटिक करून बंद पडतोय ना तो. माझा मेव्हणा म्हणाला, गारठवला की ठिकाणावर येतो. म्हणून ठेवला कोकराशेजारी. उघडा नाही हं, दोन पिशव्यांत गुंडाळून." त्याने सुरा फडक्याला पुसला. "माझी पाळी होती ना."

"कसली पाळी?"

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. मला हे कुणी सांगितलेलंच नाही, हे त्याच्या ध्यानात येताना मला दिसलं. बरगड्या तिथेच टाकून मी दुकानाबाहेर पडले.

बाबा हर्मोन चॅपेलचे पाळक होते. गाऊन उपदेश करणारे आमच्या खोऱ्यातले शेवटचे. सुरुवात अगदी साधी असायची, कुंपणावरून शेजारणीशी बोलावं तशी. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा. तिसऱ्यात कुठेतरी आवाज जमिनीवरून सुटायचा. बोलण्याला ओढ यायची, ओढीचा सूर व्हायचा, सुराला ठेका मिळायचा, आणि शिडात वारा भरावा तसं सगळं चॅपेल फुगून पुढे निघायचं. आमच्याकडे त्याला हुइल म्हणतात. ती आणली म्हणून येत नाही, आणि आली की कुणाच्या बापाला आवरत नाही. आठवडाभर खाणीत पाटीचा दगड फोडणारे, घरात चार शब्द न बोलणारे बाप्ये मागच्या बाकांवरून "आमेन" ठोकायचे ते अचूक समेवर. मी ऑर्गनशी बसलेली असायचे आणि माझे पाय पेडलवर थरथरायचे. देव आहे की नाही याचा लोक काथ्याकूट करतात. मी त्याला दर रविवारी अकराच्या सुमारास कानांनी ऐकलंय.

त्यांचा एक उपदेश दोराचा. खाणीच्या कड्यावर माणूस मांडीला दोर गुंडाळून लोंबकळतोय, पायाखाली दोनशे फूट नुसती हवा. तो भितो आणि खाली बघतो. खाली बघू नकोस, बाबा म्हणायचे, वर कोण आहे ते बघ. मग "वर कोण आहे?" असं तीनदा, दर वेळी आणखी वर. तिसऱ्यांदा आवाज अशा जागी जाऊन उभा राहायचा की माणसं नकळत छताकडे बघायची. आणि तिथून ते खाली उतरायचे. दोर सोडत सोडत माणसाला अलगद जमिनीवर टेकवावं, तसे.

ते उतरणं मला आठवत नाही. एक्केचाळीस वर्षं मी ऑर्गन वाजवला, शेकड्यांनी गीतं पुस्तक न उघडता वाजवते, आणि माझ्याच बापाचे ते सात-आठ सूर मला आठवत नाहीत. तिसऱ्या "वर कोण आहे" पर्यंत सगळं पाठ. पुढे पोकळी. ते गेल्यावर पुष्कळ वर्षं त्यांचा आवाज ऐकायची माझी छाती झाली नाही. छाती झाली तेव्हा चॅपेल विकायला निघालं होतं.

शेहेचाळीस कॅसेटी होत्या, चॅपेलमागच्या खोलीतल्या कपाटात. मी म्हटलं, मला द्या. मायरिग म्हणाला, पंचांच्या सभेत ठरेल. मायरिग म्हणजे मंडळीचा चिटणीस, गावच्या शाळेचा निवृत्त हेडमास्तर, म्हणून मायरिग शाळा. आम्ही दोघं एकाच वर्षीचे. रविवारच्या शाळेत एका बाकावर बसून एकमेकांना चिमटे काढलेले. सभेत ठरलं की मायरिगने हिवाळ्यात एकेक कॅसेट लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यावी आणि मग सगळ्यांना प्रती द्याव्यात. सातही पंच पुरुष. ऑर्गन वाजवणारीला सभेत जागा नाही. ऑर्गनने बोलायचं नसतं, साथ द्यायची असते. कॅसेटी उतरवून झाल्या आणि इमारत रिकामी करताना कुजक्या गाद्यांबरोबर कचऱ्याच्या गाडीत गेल्या. का, तर आता कंप्युटरमध्ये आहेत ना!

मी मायरिगच्या दारात पोचले तेव्हा दार वाजवायच्या आधी प्रार्थना केली. देवा, माझ्या जिभेवर पहारा ठेव. देवाने ऐकलं नाही. त्यालाही बहुधा मला बोलू द्यायचं होतं.

"फ्रीझमध्ये?" मी म्हणाले. "मटणाच्या फ्रीझमध्ये?"

"आत ये, तेग्वेन. चहा टाकतो. मनुकांचा पाव आहे ताजा."

"पाव घाल चुलीत! किती दिवस झाले बंद पडून?"

तो खुर्चीत बसला. उंच माणूस, बसला की घडीच्या छत्रीसारखा दिसतो. "सात आठवडे."

"आणि तो गावभर फिरतोय?"

"गावभर नाही. पंचांकडे. मी सभेत सांगितलं की यंत्र बिघडलंय. म्हटलं, बॅंगोरला एका बाईंकडे देऊ, त्या असली कामं करतात. तर एमलिन म्हणाला, आधी आपण सगळ्यांनी हातभार लावून बघू. मग पाळी लावली."

"पाळी."

"पाहुण्या पाळकांची असते तीच. एकेका घरी एकेक आठवडा."

मी उभीच होते, ते बरं झालं. आमच्याकडे बाहेरगावचा पाळक उपदेशाला आला की पंचांच्या घरी पाळीपाळीने उतरतो. ठरल्या क्रमाने. एखादं घर गाळलंत तर त्या घरची बाई दोन वर्षं तुमच्याशी बोलत नाही. गाद्या उन्हात घालतात, हॅम शिजवतात. सात घरांनी माझ्या बापाच्या आवाजाला तसाच पाहुणचार केला. प्रत्येक घरी आठवडाभर. प्रत्येकाने चालू करून बघितला, कारण न बघणं म्हणजे पाळी चुकवणं.

"कुणालाच म्हणावंसं वाटलं नाही, की हा पाळक नाही, यंत्र आहे म्हणून?"

"एखाद्याला गाळायचं कसं, तेग्वेन? पेर्सी आधीच रागावलेला, त्याला दोन वर्षं निधीचं काम दिलं नाही म्हणून."

"आणि मला कळवायचं?"

त्याने पावाची ताटली सरळ केली. मग म्हणाला, "तू चिडली असतीस."

त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. चॅपेलमध्ये बसणाऱ्या बाईला ते शब्द येत असतील हे त्यालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही बॅंगोरला गेलो. लॅपटॉप माझ्या मांडीवर, मायरिग पलीकडच्या रांगेत. सबंध वाटेत मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या बाईंचं नाव नेस्ता. पन्नाशीची, आखूड केस, चश्मा डोक्यावर. एका जुन्या बँकेच्या वरच्या मजल्यावर तिची खोली. मायरिगला बघताच ती उठून उभी राहिली. "सर? ओळखलंत? नेस्ता, गिरणीवाल्यांची. तिसरीत पाढे न आल्याबद्दल कोपऱ्यात उभी केलेली."

"नेस्ता!" मायरिगचा चेहरा सात आठवड्यांत पहिल्यांदा उजळला असावा.

"बसा. काय झालंय?"

मी सांगितलं. तिने लॅपटॉप चालू केला नाही. मी म्हटलं, ऐकून तरी बघा टिकटिक. ती म्हणाली, "टिकटिक ऐकायची म्हणजे आणखी एक ओरखडा काढायचा. मला फक्त एवढं सांगा, बंद पडल्यापासून किती वेळा चालू केलात?"

मायरिगने खिशातून चिठ्ठी काढली. त्याने तीही नोंद ठेवली होती, हेडमास्तर तो. "मी नऊ वेळा. पेर्सीने अकरा, फ्रीझआधी आणि नंतर धरून. हिवेलच्या सुनेने रात्रभर चालू ठेवला. ट्रेवरने उघडून फुंकर मारली—"

"काय उघडून?"

"डिस्कच्या पेटीचे स्क्रू. सगळे नाही. चारच."

नेस्ताने चश्मा डोक्यावरून काढून टेबलावर ठेवला. "पुढे."

"लानने नऊ. ग्वेरिलने चार. आणि एमलिनला चालू कसा करतात ते माहीत नाही. त्याने टेबलावर ठेवून आठवडाभर प्रार्थना केली."

"या सगळ्यांत त्याच्याचकडून काही बिघडलेलं नाही," नेस्ता म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "सर, तुम्हाला माहीत आहे का आत काय असतं? आरशासारखी चकती असते. ती मिनिटाला पाच हजारांवर फेरे घेते आणि तिच्यावर वाचणारं हेड तरंगत असतं, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर. ते हेड वाकलं होतं. तेव्हाच, पहिल्या टिकटिकीला माझ्याकडे आणला असतात तर मी हेड बदललं असतं आणि पंधरवड्यात सगळं तुमच्या हातात दिलं असतं. तुम्ही काय केलंत? वाकडं हेड सात घरी नेऊन चकतीवर नांगरलंत! तीस-पस्तीस वेळा! फ्रीझमध्ये आत दव धरलं असेल ते वेगळंच."

"आम्ही चांगल्या मनाने—"

"चांगल्या मनानेच बिघडतात सगळ्या डिस्का. वाईट मनाचे लोक नव्या घेतात." तिने एक कागद पुढे केला. "ज्याचा लॅपटॉप त्याची सही. पेटी उघडून बघते. आश्वासन देत नाही."

मला ती बाई फार आवडली. माझा राग कुणीतरी वाटून घेतोय असं प्रथमच वाटलं.

तिचा फोन आला तो अकरा दिवसांनी. दोघांनीही या, म्हणाली, एकटीने येऊ नका.

गेलो तर तिच्या टेबलावर धूळ येऊ नये म्हणून काचेची पेटी होती, आणि पेटीत आमची डिस्क उघडी पडलेली. चकतीवर एक पट्टा राखाडी झाला होता, बर्फावर एकाच चाकोरीतून गाड्या गेल्यासारखा. मला वाटलं होतं मी बघू शकेन. मी मान फिरवली.

"त्याच बनावटीच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवलंय," नेस्ता म्हणाली. "सध्या वाचतंय. मी फक्त सुरुवातीची यादी वाचली, कुठे काय ठेवलंय त्याची. मग लगेच थांबवलं. कारण या पट्ट्यावरून गेलं की हे हेडही जाणार, आज नाही तर उद्या. तेव्हा एकदाच काय ते, आणि आधी कुठलं वाचायचं ते तुम्ही सांगायचं."

तिने पडद्यावर यादी दाखवली. शेहेचाळीस नावं, मायरिगच्या नीटस पद्धतीने: साल, महिना, विषय. पुढे किती मिनिटांचा, ते. अठ्ठावीस. एकतीस. सव्वीस. दोर, एकोणतीस.

मी पुन्हा पुन्हा वाचलं.

"हे चुकलंय," मी म्हणाले.

"काय?"

"बाबा पन्नास मिनिटांच्या आत कधी व्यासपीठावरून खाली उतरलेच नाहीत. आई मटण भट्टीत ठेवून यायची ते त्याच हिशोबाने. दोर तर पंचावन्न मिनिटांचा." मी मायरिगकडे वळले. "बाकीचं कुठाय?"

तो खिडकीबाहेर बघत होता.

"मायरिग, बाकीचं कुठाय?"

"आवाज फाटत होता," तो म्हणाला. "काटा लाल रेघेच्या पार जायचा. त्या जुन्या यंत्रावर... मी तेवढे भाग काढले."

"काढले म्हणजे?"

"कापून वेगळे ठेवले. मग जागा पुरेना, तेव्हा पुसले."

"आवाज कुठे फाटत होता? कोणत्या जागी?"

त्याला सांगायची गरज नव्हती. आवाज फाटणार तो जिथे हुइल चढली तिथेच. ज्या ठिकाणी माझे पाय थरथरायचे, बरोबर तिथे या माणसाने कात्री लावली होती. शेहेचाळीस वेळा.

"तुला लाज वाटली," मी म्हणाले.

"तसं नाही—"

"तुला लाज वाटली त्यांची! तुला कायमच वाटायची. बाकावर बसून तू बूट बघायचास, मी ऑर्गनवरून बघत होते!"

"हो, वाटली!" मायरिग ओरडला. आयुष्यात मी त्याला ओरडताना ऐकलं नव्हतं. वर्गातही तो आवाज न चढवता मुलांना रडवायचा. "मी शाळेत त्यांची कॅसेट लावली होती एकदा. नव्या शिक्षकांना ऐकवायला. पहिली वीस मिनिटं ऐकलं त्यांनी, चांगलं ऐकलं. आणि मग ते वर गेले आणि ती पोरं हसायला लागली. एक मुलगी तोंडात रुमाल घालून हसत होती. तेग्वेन, माझ्या बापाला खाणीतून बाहेर काढलं तेव्हा त्या माणसाने बापाच्या उशाशी तीन रात्री जागून काढल्या होत्या. आणि त्या माणसाला हसत होते. मी यंत्र बंद केलं. मी ठरवलं, जे हसण्याजोगं आहे ते उरायलाच नको. शब्द राहू देत. शब्द असे आहेत की मान खाली घालून वाचावेत. पुस्तक करणार होतो मी त्यांचं."

"अरे, ते शब्द वर जायची शिडी होती! शिडी ठेवलीस आणि घर पाडलंस!"

नेस्ता मध्येच म्हणाली, "एक मिनिट. पुसलेलं गेलं असं कुणी सांगितलं?"

आम्ही दोघं थांबलो.

"पुसलं की फक्त यादीतलं नाव जातं. खाली चकतीवर ते तसंच पडून असतं, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. आणि त्यानंतर लगेच बंद पडला ना लॅपटॉप? मग बरंचसं असेल. नावं नसतील, क्रम नसेल, पण असेल." तिने पेनाने डिस्कवर दाखवलं, हात न लावता. "मात्र ते आतल्या भागात आहे. तुमचे शब्द बाहेरच्या भागात. मधे हा राखाडी पट्टा. एका बाजूचं वाचून होईपर्यंत हेड टिकेल असं वाटतं. पट्टा ओलांडून दुसऱ्या बाजूचं, याचा भरवसा नाही. म्हणून विचारतेय, आधी कुठलं?"

"आतलं," मी म्हणाले.

"बाहेरचं," मायरिग म्हणाला. "शेहेचाळीसच्या शेहेचाळीस उपदेश आहेत तिथे. त्यात काय मिळेल याची निदान यादी आहे. आणि तू मागतेस ते नुसते तुकडे. बिनशेंड्याबुडख्याचे."

"लॅपटॉप सरांचा," नेस्ता मला म्हणाली. तिलाही ते म्हणताना बरं वाटत नव्हतं. "मी त्यांचं ऐकायला बांधलेली आहे."

मग मी गायले. ठरवून नव्हे. रागाने बोलायला तोंड उघडलं आणि आवाज वर निघाला, एवढंच. दोरावरचा माणूस, मांडीतली रग, पायाखालची हवा. खाली बघू नकोस. वर कोण आहे? माझा आवाज आता जाडा झालाय आणि जिना चढून आल्याचा दम अजून होता. वर कोण आहे? खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बोलणं थांबलं. तिसऱ्यांदा मी त्या जागी जाऊन पोचले, बाबांच्या जागी, आणि तिथे उभी राहिले, आणि पुढचा सूर नव्हता.

मी तोंड उघडं ठेवून उभी होते. पुढे काहीच आलं नाही.

"बघितलंस?" मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याचाही मला संताप येत होता. "इथपर्यंतच येतं मला. इथून ते कसे खाली यायचे ते मला येत नाही. ते तुझ्या पुस्तकात कुठे छापणार आहेस?"

मायरिग बराच वेळ बूट बघत बसला. मग नेस्ताकडे हात केला. "पेन दे."

त्याने कागदावर लिहिलं: आधी पुसलेला भाग. खाली सही केली, शाळेच्या दाखल्यावर करायचा तशी, पूर्ण नावाने.

"शब्द मी ऐकलेत," तो म्हणाला. "एकेक कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढा वेळ बसून. जमतील तेवढे परत लिहीन."

"कापताना सुचलं नाही हे."

"नाही सुचलं."

मी त्याला क्षमा केली नाही. क्षमा करावी असं शिकवत माझा बाप म्हातारा झाला, मला ठाऊक आहे. पण मी नाही केली.

हेड साडेचार तास चाललं. आतल्या भागातून नेस्ताने तेवीस तुकडे काढले. मग पट्टा ओलांडला, आणि पलीकडे सहा उपदेश वाचून होतात तोच पुन्हा टिकटिक सुरू झाली. तिने आणखी एक हेड बसवून पाहिलं. ते दहा मिनिटंही टिकलं नाही. चकतीच खरवडून निघाली होती. चाळीस उपदेशांचे शब्द गेले.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिच्या खोलीत ऐकायला बसलो. तुकड्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. पहिला लावला, आणि बाबा खोलीत आले. आवाज फाटत होता, खरंच फाटत होता, कापड टरकावं तसा. फाटू दे. मागून बाप्यांचे आमेन, कुणाचं तरी खोकणं, आणि सगळ्यांच्या खाली ऑर्गनच्या भात्याची धाप, माझ्याच.

मायरिगने वही उघडली होती. "एकोणऐंशी," तो म्हणाला. "सप्टेंबर. कापणीचा रविवार." दुसऱ्याला म्हणाला, "दिवा. त्र्याऐंशी." एकेका तुकड्याला दोन वाक्यांत ओळखायचा. इतकं लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाने कात्री लावलीच कशी, हे मला तेव्हाही कळलं नाही, आत्ताही कळत नाही. दर तुकड्याला मला त्याची चीड येत होती आणि दर तुकड्याला मी त्याच्या वहीकडे बघत होते.

चौदावा लागला. खाली बघू नकोस.

मी टेबलाची कड धरली. वर कोण आहे? नेस्ताने डोळे मिटले. वर कोण आहे? मागच्या बाकांवरून हुंकार. वर कोण आहे? आणि ते तिथे जाऊन उभे राहिले, मी जिथे अडले होते तिथेच, आणि तो सूर लांबला, लांबला—

आणि शांतता. पडद्यावरची रेघ सपाट.

"पुढे लाव," मी म्हणाले.

"संपला," नेस्ता म्हणाली. "एवढाच आहे."

मायरिगने वही मिटली. "मी काटा लाल असेपर्यंतच कापलं," तो म्हणाला. "उतरताना आवाज फाटत नव्हता. तो हळू होत जातो. तो भाग मी शब्दांच्या बाजूला राहू दिला. तो चांगला होता म्हणून."

शब्दांची बाजू. म्हणजे पट्ट्यापलीकडची. मी जी मागे ठेवायला लावली ती. वाचलेल्या सहांत दोर नव्हता.

तो जी यादी आधी वाचा म्हणत होता, त्या यादीत तो उपदेश होता. दोर, एकोणतीस मिनिटं, आणि त्या एकोणतीस मिनिटांत कुठेतरी ते सात-आठ सूर. मी भांडून, रडून, गाऊन ते घालवले होते. कात्री त्याची, पण हात माझा. मला खोलीतली प्रत्येक वस्तू फेकावीशी वाटली, आणि खरं तर ती माझ्याच अंगावर फेकायला हवी होती.

नेस्ता उठून किटली लावायला गेली. मी पडद्यावरची सपाट रेघ बघत राहिले.

"शब्द काय होते?" शेवटी मी विचारलं. "उतरतानाचे?"

मायरिगने वहीत बघितलं नाही. गद्यातच म्हणाला, शाळेत कविता म्हणून दाखवावी तसा: "ज्याने दोर धरलाय त्याचा हात मी पाहिलाय. त्या हातावर वळ आहेत. तो सोडणार नाही."

मी बाबांचा शेवटचा सूर धरला आणि त्या शब्दांवर खाली उतरून बघितलं. एक पायरी, दोन पायऱ्या.

"नाही," मायरिग म्हणाला.

"काय नाही?"

"मला गाता येत नाही, तेग्वेन. पण ते असं नव्हतं. 'हात' वर ते एवढ्यात खाली येत नाहीत."

"मग किती वेळात येतात?"

"ते मला सांगता येत नाही. चुकलं की कळतं, एवढंच."

"वा! एवढंच कळतं!" मी म्हणाले. "सबंध हिवाळा माझ्या बापाला मांडीवर घेऊन बसलास आणि एवढंच कळतं तुला!"

"हो. एवढंच."

मी दात आवळले आणि पुन्हा वर गेले. 'हात' धरून ठेवला, दम संपेस्तोवर, आणि मग उतरले.

त्याने डोळे मिटले होते. कपाळावर आठ्या, पाढे चुकणाऱ्या पोराचं ऐकावं तसा.

"नाही," तो म्हणाला. "अजूनही चूक. पण जरा कमी."